कमी भुकेचा स्वयंपाक

पूर्वी माझ्यासमोर बसलेला पेशंट म्हणायचा, "मॅडम, भूक आवरत नाही हो." आता म्हणतो, "मॅडम, ताटाकडे बघवत नाही." पहिल्या तक्रारीचं उत्तर मला तोंडपाठ होतं. उमेदीची सगळी वर्षं मी लोकांना 'कमी खा' सांगण्यात घालवली आणि त्याचेच पैसे घेतले. आता त्याच खुर्चीत बसून 'खा हो, चार घास तरी खा' अशी विनवणी करते, आणि पैसे घेतेच.

मी आहारतज्ज्ञ. पुण्यात मधुमेह आणि थायरॉइडच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. डॉक्टर तपासतात, औषध लिहितात आणि फाइल माझ्या खोलीत पाठवतात. खोलीत वजनकाटा, कंबर मोजायची टेप आणि कपाटात वेगवेगळ्या आकाराच्या आठ-दहा वाट्या आहेत. 'एक वाटी आमटी' म्हणजे सदाशिव पेठेत किती आणि बारामतीत किती, हे वाटी दाखवल्याशिवाय कळत नाही.

भूक मारणारी औषधं आमच्या धंद्याला नवीन नाहीत. मी शिकत होते तेव्हा आमच्या बाई फेनफ्लुरामीनची गोष्ट सांगायच्या. अमेरिकेत ते वजन उतरवायला म्हणून धडाक्यात खपलं आणि मग घेणाऱ्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडलेल्या दिसायला लागल्या. १९९७ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. मी नोकरीला लागले तेव्हा जमाना सिब्युट्रामिनचा होता. रोज एक कॅप्सूल. भूक मरायची खरी, पण तोंडाला कोरड पडायची, झोप उडायची, छातीत धडधडायचं. त्या काळात पेशंट आला की मी काट्यावर उभं करायच्या आधी नाडी बघायचे. शंभरच्या घरात गेलेली दिसली की फाइल परत डॉक्टरांच्या टेबलावर. पुढे दहा हजारांच्या आसपास माणसांवर झालेल्या स्काउट नावाच्या अभ्यासात, आधीच हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांमध्ये, हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका १६ टक्क्यांनी वाढलेला निघाला. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेलं, फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्याकडे बंदी आली.

त्याआधी रिमोनाबंट येऊन गेलं होतं. गांजा ओढणाऱ्याला कशी खा-खा सुटते हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यामागची कल्पना लगेच कळेल. मेंदूत गांजा जिथे लागू पडतो, तीच जागा हे औषध अडवायचं. भूक कमी झाली, पण माणसं उदास व्हायला लागली, काहींच्या मनात जीव द्यायचे विचार यायला लागले. २००८ मध्ये युरोपने ते थांबवलं, २००९ मध्ये भारताने.

सिब्युट्रामिन मात्र पुरतं गेलं असं मी म्हणणार नाही. वजन उतरवणाऱ्या 'शंभर टक्के नैसर्गिक' म्हणवणाऱ्या कितीतरी उत्पादनांत ते लपवलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला सापडलं आहे. कुणी बिननावाची डबी पुढे करून "ह्याने महिन्यात पाच किलो उतरले, फक्त झोप येत नाही" म्हणालं की माझा हात आजही आधी त्याच्या मनगटाकडे जातो.

मधल्या काळात ऑर्लिस्टॅट होतं, अजूनही आहे. ते भुकेच्या वाटेला जात नाही. खाल्लेल्या तेलातुपाचा सुमारे तिसरा हिस्सा न पचवता तसाच बाहेर काढतं. कसा, ते पांढरी पँट घालून ऑफिसला गेलेल्या माणसाला विचारा. बाकी सगळा काळ डाएटांचा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळची जेवणं आणि ऋजुता दिवेकरांचा तूप-भात यांवरून मराठी घरांत जेवढी भांडणं झाली तेवढी राजकारणावरूनही झाली नसतील. सासूबाई दीक्षितवाल्या आणि सूनबाई दिवेकरवाल्या असं एक घर माझ्या माहितीत आहे. दोघींचंही वजन होतं तिथेच आहे.

२०२२ च्या सुरुवातीला सेमाग्लुटाइड नावाच्या नव्या औषधाची गोळी आपल्याकडे मिळायला लागली आणि तिचं पहिलं भांडण चहाशी झालं. ती उठल्याबरोबर अनशापोटी घ्यायची, जेमतेम अर्धा पेला साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे निदान अर्धा तास पोटात काही जाऊ द्यायचं नाही. आमच्या निम्म्या पेशंटांना थायरॉइडची गोळीही अनशापोटीच असते. एका काकांनी सकाळचं वेळापत्रक कागदावर काढून आणलं. साडेपाचला ही गोळी, सहाला ती, साडेसहाला चहा. "म्हणजे मॅडम, मी जगायचं कधी?" मी तो कागद डॉक्टरांकडे पाठवला. त्यांनी हसून वेळा बदलून दिल्या.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड, म्हणजे मौंजारो, भारतात आलं. पाठोपाठ जूनमध्ये वेगोवी, म्हणजे वजनासाठीच्या मात्रेतलं सेमाग्लुटाइड. दोन्ही आठवड्यातून एकदा टोचून घ्यायची इंजेक्शनं. तेव्हापासून माझी खोली बदलली.

पेशंटला समजावताना मी फार शास्त्र सांगत नाही. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिनची आठवण करून देतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं आणि मेंदूला 'पुरे' म्हणून कळवतं. शरीरातलं मूळ हार्मोन रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं. सेमाग्लुटाइड ही त्याची आठवडाभर टिकणारी नक्कल. टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपी नावाच्या आणखी एका हार्मोनचं काम करतं. या घराण्यातलं पहिलं औषध, एक्झेनाटाइड, अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या पदार्थावरून बनलं. ही गोष्ट मी एकदा हौसेने सांगितली आणि समोरच्या आजी इंजेक्शन तिथेच ठेवून उठल्या. "हे व्हेज आहे ना?" हा प्रश्न आता मला आठवड्यातून एकदा तरी येतो. सेमाग्लुटाइड यीस्ट वापरून बनवतात, टिर्झेपाटाइड कारखान्यात रसायनांपासून जोडतात, त्यात सरडा नाही हे मी आता न विचारता सांगते.

परिणाम? सेमाग्लुटाइडच्या मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टिर्झेपाटाइडच्या सर्वांत वरच्या मात्रेने ७२ आठवड्यांत २१ टक्क्यांच्या आसपास. शंभर किलोचा माणूस पंच्याऐंशी किंवा ऐंशीवर. मी आयुष्यात कितीही तक्ते लिहून दिले तरी सरासरी अशी आली नसती, हे कबूल करायला मला जड जात नाही. एक बाई म्हणाल्या, "घरात फरसाणाचा डबा कुठल्या कप्प्यात आहे हे मला झोपेतही माहीत असायचं. परवा पाहुणे आले तर शोधावा लागला." वर्षानुवर्षं ज्यांना आम्ही 'मनावर ताबा नाही' म्हणून कानकोंडं केलं, त्यांच्या मनात काहीच खोट नव्हती असं अशा वेळी स्पष्ट दिसतं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला कुणी 'शॉर्टकट मारलास' म्हणत नाही. वजनाचं औषध घेणाऱ्याला सगळे म्हणतात. मला हा भेद पटत नाही.

म्हणून बायका हे लपवतात. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायचं असतं, आणि मराठी घरातला फ्रिज ही काही खाजगी जागा नाही. कोथिंबिरीच्या डब्यात, रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात, औषधांच्या पिशवीत 'आईंचं इन्सुलिन' असं लिहून, कुठे कुठे ते ठेवलं जातं. एकीने कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून ते बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवलं आणि ते गोठलं. गोठलेलं औषध वितळवून चालत नाही, फेकावं लागतं. हजारो रुपये गेले, आणि नवऱ्याला सांगताही येईना. मैत्रिणींनी 'कशी गं बारीक झालीस?' विचारलं की ठरलेलं उत्तर: 'काही नाही गं, फक्त चालते.' मग मैत्रीण चालायला लागते, तिचं वजन हलत नाही आणि ती स्वतःला दोष देत माझ्याकडे येते. दोघी एकाच सोसायटीतल्या. मला दोन्ही फायली माहीत. बोलता येत नाही.

पहिला महिना मळमळीचा. मात्रा हळूहळू वाढवतात ती त्यासाठीच. सेमाग्लुटाइड पाव मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर चार आठवड्यांनी एकेक पायरी चढतं. टोचल्यानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यांत वाईट, म्हणून वार नीट निवडावा लागतो. ज्यांचं रविवारी बाहेर जेवण ठरलेलं, ते सोमवारी घेतात. चतुर्थी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार विचारात घेऊन एका काकूंनी पंचांग उघडून वार काढला होता, आणि मला ते योग्यच वाटलं. उपासाच्या दिवशी या औषधावर जेवढा त्रास होतो तेवढा एरवी होत नाही. जठर आधीच संथ झालेलं, त्यात दाण्याच्या कुटाची, तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी. ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसते. आंबट, कुजक्या वासाचे ढेकर येतात आणि रात्री उलटी. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन वाजतात ते याचेच. मी आता उपासाला वरी, ताक, राजगिऱ्याची लाही आणि थोडंसं पनीर लिहून देते. पनीर उपासाला चालतं की नाही यावर प्रत्येक घराचं मत वेगळं. त्या वादात मी पडत नाही.

पण मळमळ जाते. खरा प्रश्न तिच्यानंतर सुरू होतो, जेव्हा माणूस मजेत असतो, काट्यावरचा आकडा उतरत असतो आणि कुणालाच काही बिघडलंय असं वाटत नाही.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. मधुमेह जुना, वजन ब्याण्णव. इंजेक्शन सुरू झाल्यावर साखर ताळ्यावर आली, डॉक्टरांनी आधीची ग्लिमेपिराइडची गोळी लगेच निम्मी केली आणि मग बंदच केली, नाहीतर साखर धाडकन खाली येण्याची भीती असते. वजन अठ्ठ्याहत्तर झालं. काकांनी नवा शर्ट घालून येऊन मला पेढा दिला. मी त्यांना खाली सतरंजीवर मांडी घालून बसायला सांगितलं. हे मी सगळ्यांना करायला लावते, त्याला यंत्र लागत नाही. बसले. "आता हात न टेकता उठा." काका उठेनात. एक हात टेकला, मग दुसरा, मग खुर्चीचा पाय धरला. ओशाळून म्हणाले, "परवा मुंजीत पंगतीला असंच झालं. मला वाटलं, वय."

वय होतंच, पण सगळं वय नव्हतं. मी काकूंना आत बोलावलं आणि काका दिवसभरात काय खातात ते विचारलं. सकाळी चहा आणि दोन मारी बिस्किटं. दुपारी अर्धी पोळी, चमचाभर भाजी. मग केळं किंवा पपई. रात्री दूधभात, तोही सहा-सात घास. काकू म्हणाल्या, "सगळं पूर्वीचंच करते हो मी, हे कमी घेतात एवढंच." नेमकं हेच. घरातला स्वयंपाक पूर्ण भुकेच्या माणसासाठी रचलेला असतो. आपल्या ताटात प्रथिनं मुळात कोपऱ्यात असतात. पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅम, पोळीत थोडी, दह्यात थोडी, उसळ असलीच तर बाजूला. तीन पोळ्या, दोन वाट्या आमटी आणि वाटीभर दही खाणारा माणूस असं करत करत कसाबसा पुरेशा आकड्याला पोचतो. त्याचं खाणं तिसऱ्या हिश्श्यावर आलं की तो आकडाही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मग शरीर चरबीबरोबर स्नायूही खर्चायला लागतं. सेमाग्लुटाइडच्या त्या मोठ्या अभ्यासात काही जणांचं शरीर यंत्रावर तपासलं, तेव्हा उतरलेल्या वजनात चरबीखेरीजचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास निघाला.

आपल्याला हे अधिक महागात पडतं. पुण्यातल्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला किडकिडीत भारतीय माणसातही चरबी जास्त आणि स्नायू कमी, हे त्यांचं संशोधन. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ बीएमआय २५ ला आणि कंबरेची पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटरला धरतात, त्यामागचं एक कारण हेच. काका ब्याण्णव किलोचे होते तेव्हाही त्यांच्या मांड्या काटकुळ्याच होत्या. त्या मांड्यांतलंच आणखी कमी झालं होतं.

काका अंडं खात नाहीत. घरात शिजतही नाही. मग मी आणि काकूंनी मिळून स्वयंपाक उलटा मांडला. आधी घट्ट पिठलं, पातळ नव्हे, चमचा उभा राहील असं. ते संपल्यावर भूक उरली तर पोळी. काकांचा पहिला प्रश्न: "पोळीशिवाय पिठलं घशाखाली उतरेल का?" उतरलं. सकाळी बिस्किटांऐवजी मूगडाळीचं धिरडं, एकच, पण त्यात किसलेलं पनीर. थालीपिठाच्या भाजणीत सोयाबीनचं पीठ, वास येऊ नये इतपत. मोड आलेल्या मटकीची उसळ कोरडी, रस्सा कमी, कारण रश्शाने पोट भरतं आणि हाती काही लागत नाही. संध्याकाळी चार वाजता चक्का. होय, श्रीखंडाचाच, पण त्यात साखर न घालता, मीठ-मिरपूड आणि काकडी घालून. घरी पंच्यात बांधून टांगलेल्या दह्यासारखं सोयीचं प्रथिन मराठी स्वयंपाकघरात दुसरं नाही, आणि आपण ते फक्त साखरेत कालवण्यासाठी टांगतो. आणि दिवसातून दोनदा खुर्चीतून हात न लावता उठ-बस, पंधरा वेळा.

काकू या सगळ्यात मोडून पडतील असं मला वाटलं होतं, कारण एका माणसासाठी वेगळं रांधायचं तर त्याच राबणार. त्यांनी तोडगा काढला: वेगळं रांधलंच नाही. घरातल्या सगळ्यांना तेच. मुलगा थोडा कुरकुरला. काही महिन्यांनी काका सतरंजीवरून उठले, एक गुडघा टेकून, पण हात न टेकता. वजन त्या काळात जवळजवळ हललं नव्हतं आणि डॉक्टर त्यावर खूश होते.

औषध लिहून झाल्यावर पेशंटला वाटतं काम संपलं. माझ्या खोलीत ते तिथून सुरू होतं, आणि त्यातलं निम्मं काम औषध न घेणाऱ्या माणसाशी असतं. आणि स्वयंपाक करणारी बाईच औषध घेत असली, तिला फोडणीचा वास सहन होईनासा झाला तर? अशा दोघी-तिघी येतात. चाळीस वर्षं घराला खाऊ घातलं, आणि आता कढईसमोर उभं राहवत नाही. त्यांना मी सांगते, टोचल्यानंतरचे दोन दिवस कुणाला तरी कुकर लावायला सांगा. 'कुणाला?' असं विचारून त्या हसतात. त्या हसण्यावर माझ्याकडे तक्ता नाही.

आग्रहाचाही बंदोबस्त करावा लागतो. लग्नात, डोहाळजेवणात, पूजेच्या प्रसादाला 'माझ्या हातचा एक तरी' म्हणून ताटात पडणारा लाडू या औषधावर असलेल्या माणसाला अक्षरशः आजारी पाडतो. नको म्हटलं की माणसं दुखावतात. मी पेशंटांना एक वाक्य पाठ करायला लावलंय: "डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलंय." पोट म्हटलं की मराठी माणूस लगेच माघार घेतो. शिवाय ते खोटंही नाही.

डॉक्टर ज्यांना हे औषध देत नाहीत त्यांच्याविषयीही सांगायला हवं. लग्न ठरलेली एक मुलगी आली होती. बीएमआय तेवीसच्या जरा वर, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. शालूच्या ब्लाउजचं माप दिलं होतं आणि त्या मापात बसायचं होतं. डॉक्टरांनी नाही म्हटलं. तिने कुठून तरी मिळवलंच, आणि उलट्यांनी बेजार होऊन परत आली. तिला तीनच प्रश्न कुणी विचारायला हवे होते आणि औषध देणाऱ्याने एकही विचारला नव्हता: थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरचा घरात इतिहास आहे का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, आणि मूल कधी हवंय. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी थांबवायचं असतं. लग्नाच्या शालूसाठी घेणाऱ्या मुलीच्या बाबतीत हा हिशेब फार जवळचा आहे. पीसीओएस असलेल्या मुलींची तर वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस जातात.

आणि पैसे. मौंजारो आलं तेव्हा सुरुवातीच्या मात्रेची एक कुपी साडेतीन हजारांची आणि पुढच्या मात्रेची ४,३७५ रुपयांची होती. आठवड्याला एक. म्हणजे महिन्याचे चौदा ते साडेसतरा हजार. शाळेत शिकवणाऱ्या एक ताई वर्षभर घेत होत्या. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीची वेळ आली आणि त्यांनी थांबवलं, कुणाला न विचारता. पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्या काट्याकडे न जाता खुर्चीत बसल्या. मी आग्रह केला नाही. सेमाग्लुटाइडच्या त्याच अभ्यासातल्या लोकांचं औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. रक्तदाबाची गोळी सोडली की दाब वाढतो तसंच हे आहे, तुमचा यात गुन्हा नाही, असं मी ताईंना सांगितलं. त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. चालणं आणि आधी उसळ मग पोळी हा क्रम त्यांनी धरून ठेवलाय, तरी बरंचसं वजन परत आलंय. यात मला गोड करून सांगण्यासारखं काही नाही. औषध सुरू करण्याआधी 'किती महिने परवडेल?' हा प्रश्न विचारणं मी त्यांच्यापासून सक्तीचं केलं.

सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. देशी कंपन्यांच्या स्पर्धेत किंमत खाली यावीच. मोलकरणीला हे परवडू नये आणि तिच्या मालकिणीला परवडावं यात कसलं शास्त्र आहे? पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये हे पेन पोचेल तेव्हा तिथे पिठलं घट्ट करायला सांगणारं कुणी बसलेलं नसेल.

तुम्ही हे औषध घेत असाल किंवा घेणार असाल तर शेजारणीचं पेन वाटून घेऊ नका, आणि मोतीबिंदूपासून पित्ताशयापर्यंत कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवणीने सांगा, कारण जठरात अन्न नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिलेलं असतं. पहिलं इंजेक्शन घेतल्यावर आठवड्याच्या आत जवळच्या आहारतज्ज्ञाकडे जा, आणि जाताना घरात जो कुणी स्वयंपाक करतो त्याला बरोबर न्या. माझ्याकडे आलात तर दोघांची मिळून फी एकच.